डावीकडची काच

बातमी सुबोधबाबूंनी आणली. कॉलेजात प्रॅक्टिकल चालू होतं, मुली सूक्ष्मदर्शकांवर वाकलेल्या, आणि दारात हा उंच माणूस उघडी छत्री डोक्यावर तशीच धरून उभा. आत यायला तयार नाही, निघून जायला तयार नाही. मी बाहेर गेले तेव्हा म्हणाले, "दीदी, पाटणकरदा आर नेई." आर नेई... आता नाहीत. दिनकर पाटणकर, माझा दिनूदादा, सकाळी पोर्टाच्या लाँचवरून नेहमीसारखा नदीची खोली मोजायला निघाला होता. गार्डन रीचच्या पुढे गेल्यावर छातीत कळ आली म्हणून खाली बसला, मग आडवा झाला. लाँच चालवणाऱ्या सारेंगनं ती वळवली, पण घाट येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. सुबोधबाबू आधी खिदिरपूरला त्याच्या घरी जाऊन आले होते. त्याच्या आईला, माईंना, त्यांनीच मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. माई रडल्या नाहीत म्हणे. त्यांनी एवढंच विचारलं, की तोंडात गंगेचं पाणी कुणी घातलं का? घातलं होतं. लाँचवरच्या म्हाताऱ्या मुसलमान सारेंगनं वाकून नदीतलं पाणी ओंजळीत घेतलं होतं आणि दिनूदादाच्या ओठांना लावलं होतं. ते ऐकल्यावर माई म्हणाल्या, "बरं झालं," आणि भिंतीला टेकून बसल्या. सुबोधबाबू मला हे सांगताना चाचरत होते. पोटचा मुलगा गेला, आणि आई म्हणते बरं झालं... त्यांना काही उलगडा होत नव्हता. मला होत होता. पण तो कॉलेजच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखा नव्हता.

दिनूदादा माझ्या थोरल्या भावाचा मित्र. आम्ही भवानीपूरचे, माझा जन्मच कलकत्त्याचा, त्यामुळे माझ्या मराठीला तो कायम हसायचा. मी एकदा त्याच्या घरी "पाणी खाऊ का?" असं विचारलं होतं, बंगाल्यांसारखं. ते त्यानं वीस वर्षं सोडलं नाही. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला, की हा म्हणणार, "खा, खा, सावकाश खा, घशात अडकेल." पाटणकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे. वडील लवकर गेले. दिनूदादाला कलकत्ता पोर्टाच्या नदी-सर्वेक्षणात नोकरी लागली तशी त्यानं आईला आणि धाकट्या शरदला इकडे आणलं. गोदीजवळच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. काम म्हणजे हुगळी नदी रोज किती गाळ आणते आणि कुठे टाकते ते मोजायचं, म्हणजे जहाजं रुतणार नाहीत. "मी गंगेचा हिशेबनीस," असं तो स्वतःबद्दल म्हणायचा. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी त्याला विचारलं नाही, आणि मी का केलं नाही हे त्यानं मला विचारलं नाही. बरं चाललं होतं.

माईंना कलकत्ता कधीच मानवला नाही. मासे गोड्या पाण्यातले, हवा चिकट, आणि नदी एवढी मोठी असून तिला लाटेचा आवाज नाही, ही त्यांची तक्रार. शरद तेव्हा जहाजावर इंजिनाकडे नुकता लागला होता. त्याचं जहाज अंदमानच्या फेऱ्या करायचं. तो पोरगा म्हणजे नुसता वारा. दिनूदादा बोलायच्या आधी तीनदा विचार करणार, आणि शरदचं तोपर्यंत करूनही झालेलं असायचं. एकदा सुट्टीवर आला आणि जेवताना म्हणाला, "माई, तुला समुद्र घरी आणून देतो." आम्ही हसलो. पण पुढच्या खेपेला तो खरंच दोन बादल्या घेऊन उतरला. वर ओलं पोतं, आत पोर्ट ब्लेअरच्या उथळ पाण्यातून काढलेले प्रवाळाचे जिवंत खडक, एक गुबगुबीत समुद्रफूल, आणि त्या फुलात लपून राहणारे नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे. टाकी दिनूदादानं आधीच करून ठेवली होती. लोखंडी अँगलची चौकट, खारं पाणी चढू नये म्हणून तिला जाड रंग, जाड काचा, फटींत लांबी भरून बसवलेल्या. बुडाशी शिंपल्यांचा चुरा, त्याखालून हवा खेळवणारी नळी, वर ट्यूबलाइट. आणि पाणी? कलकत्त्यात समुद्र कुठला! ते काम सुबोधबाबूंचं. ते नदीच्या मुखापलीकडे, सँडहेड्सला, जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलट बोटीवर होते. गढूळ पाणी संपून निळं सुरू होतं तिथून ते बांबूच्या टोपलीत बसवलेले काचेचे मोठे बुधले भरून आणायचे.

टाकी बैठकीच्या खोलीत ठेवली. उजव्या अंगाला खिडकी, डाव्या अंगाला माईंचा देव्हारा आणि त्यांची वेताची खुर्ची. पहिल्या दिवशी ते मासे फुलात शिरले तेव्हा माईंनी टाकीला हळदकुंकू वाहिलं. शरद ओरडला, "माई, पाण्यात नको, बाहेर! काचेवर लाव." त्यांनी काचेवर लावलं. ते लाल बोट कितीतरी दिवस तिथे होतं. मग शरद परत बोटीवर गेला. त्या फेरीत निकोबारजवळ वादळ झालं, डेकवर काहीतरी सुटलेलं बांधायला गेलेल्या माणसांवर लाट आली, आणि मोजदाद केली तेव्हा शरद नव्हता. दोन दिवस शोधलं म्हणतात. देह मिळाला नाही.

टाकी नवी होती आणि दुःखही नवं होतं. त्या घरात तेव्हा कुणी मोठ्यानं बोलत नसे, फक्त त्या हवेच्या पंपाची घरघर. देह नसल्यावर शास्त्राप्रमाणे पुतळा करतात तसा दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून दिनूदादानं घाटावर सगळे विधी उरकले. कलकत्त्यात ते विधी जाणणारा मराठी भटजी मिळवायला त्याला किती वणवण करावी लागली ते मी पाहिलंय. घरी आल्यावर माई मला म्हणाल्या, "पुतळ्याच्या तोंडात घातलं गंगाजल. पुतळ्याला तहान असते का गं?" गंगेचं पाणी तोंडात पडावं म्हणून आमच्याकडे आयुष्यभर देव्हाऱ्यात गडू सीलबंद करून ठेवतात. इथे कलकत्त्यात राहून, नदी दारावरून वाहत असताना, त्यांचा मुलगा खाऱ्या पाण्यात तसाच गेला होता. हे त्यांच्या मनातून जाईना.

त्याच सुमारास टाकीवर पहिला डाग धरला. शिंपल्यांच्या चुऱ्यावर तपकिरी भुकटी, कुणी काताची पूड शिंपडावी तशी. दिनूदादा घाबरून माझ्याकडे आला. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यातही शेवाळं हा माझा विषय, तेव्हा या बाबतीत तरी तो माझं ऐकायचा. मी सांगितलं, नव्या टाकीत हे होतंच, काही आठवड्यांत आपोआप जाईल, हात लावू नकोस. तपकिरी गेलंही. पण मग हिरवं आलं. आधी काचेवर साय, मग खडकांवर केस, बोटभर लांब, पाण्याबरोबर हलणारे. दिसायला सुरेख! पण ते प्रवाळावर चढतं, त्याचा उजेड अडवतं, आणि प्रवाळ आतल्या आत मिटत जातो. ते खडक शरदनं स्वतःच्या हातानं समुद्रातून काढले होते. दिनूदादाला त्यांतला एकही मरू द्यायचा नव्हता. तो तोंडानं असं कधी म्हणाला नाही, पण रविवारी त्याच्याकडे गेलं की हा गंजिफ्रॉकवर, कोपरापर्यंत ओला, दात घासायच्या ब्रशनं एकेक खडक घासत असायचा. आणि तेही इतक्या हलक्या हातानं, की मला ते पाहवत नसे.

जे जे करायचं ते सगळं आम्ही केलं. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. ट्यूबलाइटची वेळ कमी केली. उजवीकडच्या खिडकीला काळा कागद लावला. एकाहत्तरच्या लढाईत सगळ्या कलकत्त्यानं ब्लॅकआउटसाठी काचांना काळे कागद चिकटवले होते. लढाई संपल्यावर सगळ्यांचे निघाले, दिनूदादाचा राहिला. शेजारचे घोषबाबू विचारायचे, "पाटणकरदा, तुमची लढाई अजून चालूच?" सुबोधबाबूंनी दिघ्याच्या किनाऱ्यावरून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि शंखातले खेकडे आणून दिले. त्यांनी खाल्लं, पण ते खाणार त्याहून वेगानं हे वाढणार. मग एक दिवस चुऱ्यावर तिसरंच काहीतरी पसरलं. बुळबुळीत, सालीसारखं निघणारं, वर हवेचे बुडबुडे धरलेलं. शास्त्रात त्याला नीलहरित म्हणतात, पण रंग वाळलेल्या रक्तासारखा. सकाळी नळीनं ओढून काढावं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चादर अंथरलेली. समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं.

त्यात लोडशेडिंग. पंप बंद पडला की पाण्यातली हवा संपायची. दिनूदादानं लॉरीच्या चाकाची जुनी ट्यूब फुगवून तिचं तोंड नळीला जोडलं होतं, म्हणजे वीज गेली की ट्यूबमधली हवा हळूहळू पाण्यात जाईल. तो कामावर असायचा तेव्हा ही जबाबदारी माईंची. एकदा मी दुपारी गेले तर ट्यूबही संपलेली आणि माई खुर्ची टाकीशी ओढून, वाटीनं वरचं पाणी उचलून पुन्हा धारेनं आत सोडत बसलेल्या. खांदा भरून आला असणार. मी वाटी मागितली तर देईनात. "श्वास कोंडतो गं त्यांचा," एवढंच म्हणाल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको, की माईंना त्या टाकीची पर्वा नव्हती.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. टाकीचं पाणी उडून कमी होतं, मीठ मागे राहतं, म्हणून गोडं पाणी वरून घालावं लागतं. दिनूदादा उकळून गाळून घालायचा. काचेवर त्यानं पाण्याच्या पातळीची पेन्सिलची खूण केली होती. आणि पाणी त्या खुणेखाली फारसं जातच नव्हतं. पावसाळ्यात आम्ही म्हटलं हवा दमट आहे. पण वैशाखात, पंखा भरधाव फिरत असताना? गंगेचा हिशेबनीस कोड्यात पडला. शेवटी मी त्या शेवाळाचा एक झुपका बाटलीत घालून कॉलेजात नेला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. खाऱ्या पाण्यातल्या त्या धाग्यांत नदीतल्या सूक्ष्म वनस्पतींची रिकामी कवचं अडकलेली होती. ती समुद्रात कधीच सापडायची नाहीत. शिवाय नदीची ती बारीक चकाकणारी माती. गोड्या पाण्यातली ही मंडळी खाऱ्यात पडली की मरतात, कुजतात, आणि त्या खतावर हे शेवाळ पोसलं जातं. मी संध्याकाळी जाऊन त्याला सांगितलं, "दादा, तुझ्या समुद्रात हुगळी शिरते आहे."

त्यानं अर्थ लावला तो साहजिक होता. सुबोधबाबू आळस करतात, पुरतं बाहेर जायच्या आधीच, सागरबेटाच्या आतल्या गढूळ पाण्यातच बुधले भरतात. मी कधी न पाहिलेला दिनूदादा त्या आठवड्यात पाहिला. त्यानं सुबोधबाबूंना घरी बोलावून, माईंच्या देखत, नाही नाही ते ऐकवलं. "माझ्या भावाची एवढीच निशाणी आहे आणि तुम्हाला चार मैल पुढे जायचा कंटाळा?" सुबोधबाबू पांढरे पडले. "आमि निजेर हाते भोरी," स्वतःच्या हातानं भरतो, असं दोनदा म्हणाले आणि चहा तसाच टाकून उठून गेले. देव्हाऱ्याशी माई वाती वळत होत्या. त्यांना बंगाली येत नव्हतं. कशावरून बिनसलं ते त्यांनी विचारलं, तर दिनूदादा म्हणाला, "कामातलं आहे."

पुढचं मला त्यानंच सांगितलं. काही दिवसांनी शहरात बंद पुकारला गेला. ट्रामची मोडतोड सुरू झाली तेव्हा ऑफिस लवकर सोडलं आणि हा सकाळीच घरी परतला. दार नुसतं लोटलेलं. आत माईंची पूजा संपत आली होती. देव्हाऱ्यामागे गंगाजलाची पितळी कळशी असे, घाटावरचा माणूस ती भरून देई. माईंनी तीतून तांब्या भरला, टाकीची वरची काच बाजूला केली, डोळे मिटले आणि ते पाणी हळूहळू, बोटांवरून निथळवत, आत सोडलं. सगळा तांब्या. "शरद, पी रे बाळा," एवढेच शब्द. मग पदरानं काचेवर सांडलेले थेंब पुसले, वरची काच पुन्हा जागेवर सरकवली आणि आरतीचं ताट विसळायला आत गेल्या. दिनूदादा चप्पल हातात घेऊन जिना उतरला आणि गोदीच्या फाटकाशी बराच वेळ उभा राहिला. मग तासाभरानं, आत्ताच आल्यासारखा, मोठ्यानं कडी वाजवून घरात शिरला.

मला तो हे सांगत होता तेव्हा आम्ही कॉलेजच्या आवारात बकुळीखाली बसलो होतो. "रोज घालत असणार," तो म्हणाला. "तो गेल्यापासून." गंगेच्या त्या पाण्यात काय काय असतं हे त्याच्याइतकं कलकत्त्यात कुणाला ठाऊक होतं? रोज नमुने घेऊन तपासणं हाच तर त्याचा धंदा. शरदनं आणलेले खडक जगवायचे तर तो तांब्या थांबायला हवा होता, आणि तो तांब्या शरदसाठीच होता. मी व्यवहारी बाई. मी लगेच तोड काढली. म्हटलं, मोटारीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी माझ्या प्रयोगशाळेत हवं तेवढं आहे. कळशीतलं पाणी काढून ते भरून ठेव. दिसायला अधिक स्वच्छ, माई खूश, टाकी खूश. त्यांना कळणारसुद्धा नाही.

त्यानं खाली पडलेलं बकुळीचं एक फूल उचलून बोटांत फिरवलं. मग म्हणाला, "तिला कळणार नाही गं, सुधा. पण शरदला जे जातंय, त्यात मी भेसळ करू?"

मी चिडले. देव-धर्म न मानणारा माणूस हा, जानवं पेटीत ठेवणारा! म्हटलं, "मग माईंना सरळ सांग." "काय सांगू? तुझ्या पाण्यानं त्याचे खडक मरतात म्हणून? तुझ्या गंगेनं?" खरं सांगायचं तर मला माझी युक्ती आजही चांगलीच वाटते. पण त्या दिवशी त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी दुसऱ्यांदा तिचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो संदेश मिठाईचा डबा घेऊन सुबोधबाबूंच्या घरी गेला. "चूक माझीच होती," एवढंच म्हणाला. कसली चूक ते सांगितलं नाही. सुबोधबाबू भले माणूस, त्यांनीही विचारलं नाही. तेव्हापासून ते बुधले दुप्पट आणू लागले. एकीकडून गंगा येते ना, मग दुसरीकडून समुद्र वाढवायचा, असा दिनूदादाचा हिशेब. दर रविवारी निम्मं पाणी बदलायचा. त्याचे हात मिठानं फाटले. पण रोजच्या तांब्यापुढे रविवारचं काय चालणार? एकेक प्रवाळ मिटला, पांढरा झाला, मग त्यावर हिरवं चढलं. समुद्रफूल एके सकाळी विरघळून गेलं. लोडशेडिंगच्या एका लांबलेल्या दुपारी शेवटचा मासा गेला. माई वाटीनं पाणी ढवळत राहिल्या होत्या, त्यांना तो गेल्याचं कळलंच नव्हतं. दिनूदादानं संध्याकाळी येऊन त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली.

मला वाटलं, आता टाकी मोडेल. ती मोडली नाही. आत मेलेले खडक, थोड्या चिवट गोगलगायी आणि शेवाळ. त्यासाठी सुबोधबाबू समुद्र वाहून आणत होते, पंप घरघरत होता आणि पोर्टाचा एक जबाबदार अधिकारी दर रविवारी कोपरापर्यंत हात घालून काचा घासत होता. कॉलनीत त्याला "शेवाळदा" म्हणू लागले. तो हसायचा. बांबूच्या काठीला काथ्याची जुडी बांधून त्यानं घासणी केली होती. समोरची काच लख्ख, उजवी लख्ख, मागची लख्ख. डावीकडची मात्र तशीच सोडलेली, गर्द हिरवी, आतून मखमल लावल्यासारखी. मी एकदा टोकलं, तर म्हणाला, "तिकडून उजेड येतो. घासून उपयोग नाही, लगेच धरतं." मी म्हटलं, "उजेड उजवीकडून येतो, खिडकी तिकडे आहे, डोळे फुटले का?" तो काठी झटकत म्हणाला, "तू पाणी खा जा." मी समजले, कंटाळलाय. इतकी वर्षं घासून कुणीही कंटाळेल.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी खिदिरपूरला गेले. क्वार्टर काही दिवसांनी सोडावंच लागणार, त्याची बोलणी करायला आलेली माणसं नुकतीच गेली होती. माई देव्हाऱ्याजवळच्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. मोतीबिंदूमुळे त्यांना आता वाचता येत नाही, माणूसही जवळ आल्याशिवाय ओळखू येत नाही. टाकीच्या तिन्ही काचांवर साय धरली होती. घासणी खिळ्याला लटकत होती, काथ्या वाळून कडक झालेला. मी न राहवून विचारलं, "माई, ही टाकी आता काय करायची?" त्या म्हणाल्या, "असू दे की गं. मी जाईन तिथे नेईन." मग आवाज खाली आणून, कुणी ऐकेल या भीतीनं म्हणाल्या, "सुधे, तुला एक सांगते. दिनूला ठाऊक नव्हतं हो, रागावला असता. मी रोज त्यात गंगाजल घालते. शरदसाठी. खडक गेले, मासे गेले, पण हे हिरवं बघ, पहिल्यापासून आहे. माझं पाणी तिथे लागतंय असं वाटतं मला... तो घेतोय असं वाटतं. दिनू सगळं घासून काढायचा. स्वच्छतेचं वेड त्याला. पण ही एक बाजू नेहमी विसरायचा बिचारा. बरंच व्हायचं. इथे बसलं की मला ते दिसायचं. आता तर एवढंच दिसतं."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले. तिथून टाकीची डावीकडचीच काच दिसत होती. दुसरं काहीच नाही. टाकी आल्यापासून सात-आठ वर्षं मी त्या खोलीत येत होते, पण त्यांच्या जागेवर कधी बसले नव्हते. दिनूदादा बसला असणार... केव्हातरी, त्या बाहेर गेल्या असताना, आपली आई दिवसभर कशाकडे बघत असते ते बघायला. मला त्याला हाक मारून भांडावंसं वाटलं. अरे, मला तरी सांगायचंस! डोळे फुटले का म्हणून मी तुला टोकलं होतं, निदान तेव्हा तरी. पण भांडायला तो नव्हता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "माई, घासणी भिजवू का?"

"घासतेस?" त्या म्हणाल्या. "पुण्य लागेल. तो गेल्यापासून कुणी हात लावला नाही."

मी पदर खोचला. समोरची काच घासली. मागची घासली. उजवीकडची घासताना खिडकीचा काळा कागद कोपऱ्यात फाटल्याचं दिसलं, तिथून उजेडाचा एक पट्टा आत येत होता. पाण्यात हात घातल्यावर बोटांना कुठेतरी बारीकसं चिरलेलं झोंबलं. त्याच्या हातांना रोजच झोंबत असेल. घासणी पिळून खिळ्याला लावली, तेव्हा माईंनी मान वळवली.

"झाली सगळी?"

"तीन झाल्या, माई. हात भरून आले. ही बाजू पुढच्या रविवारी बघते."

"बघ, सवडीनं," त्या म्हणाल्या आणि खुर्ची जराशी टाकीकडे सरकवून बसल्या.

सुबोधबाबूंना मराठी वाचता येत नाही. माईंना आता काहीच वाचता येत नाही. हा मजकूर छापून आलेला अंक कुणा मराठी घरातून खिदिरपूरला पोहोचला, तर तो त्यांना वाचून दाखवू नये, एवढी माझी विनंती आहे. बुधले अजून येतात. पुढचा रविवार येऊन गेला, त्याच्या पुढचाही गेला. ती काच राहिलीच आहे.